एक्स-रेची चिठ्ठी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली बेवारस प्रेतंही उचलली. त्यातलं बरंचसं आता विसरलो. पण एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या एक्स-रेच्या चिठ्ठ्या काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. हे मी कुठे बसून लिहितोय ते शेवटी सांगतो, कारण त्याचाही या प्रकरणाशी संबंध आहे.

तेव्हा मी श्रीवर्धनच्या बाजूला एका लहान पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. वर्षभर तक्रारी यायच्या त्या सुपारीच्या वाडीतल्या बांधांच्या, नाहीतर दारू पिऊन केलेल्या मारामाऱ्यांच्या. शिमग्यात मात्र आम्हाला जेवायलाही सवड नसे. गावोगावच्या ग्रामदेवतांच्या पालख्या घरोघर फिरतात, आणि पालखी आधी कोणाच्या दारात यावी यावरून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. माणूस शेतावरून भांडतो त्यापेक्षा मानावरून जास्त भांडतो, हे मी तिथे शिकलो.

शिमग्याच्या पंधरा दिवस आधी ठाण्यात एक निनावी फोन आला. बोलणारी बाई घाबरलेली होती. आमच्या वृद्धाश्रमात येणारे डॉक्टर म्हाताऱ्यांना एक्स-रेची चिठ्ठी लिहून देतात, माणगावला न्यायचं म्हणून स्वतःच्या गाडीतून घेऊन जातात, पण एक्स-रे कधीच परत येत नाही, एवढं सांगून तिने फोन ठेवला. ठाणे अंमलदाराने नोंद केली आणि मी साध्या वेशात माणूस पाठवून चौकशी केली.

डॉक्टर तालुक्यात चाळीस वर्षं प्रॅक्टिस करत होते. निम्मा तालुका त्यांच्या डोळ्यांदेखत जन्मला होता. कोणाच्या घरात शिरताना उंबऱ्याला ठेच लागते, कोणाची खाट खिडकीजवळ आहे, हे त्यांना अंधारातही सांगता आलं असतं. आता त्यांचे जुने पेशंट घरी राहिले नव्हते. मुलं मुंबईला, नवी मुंबईला गेली, म्हातारे आजूबाजूच्या दोन वृद्धाश्रमांत आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी असलेल्या एका शुश्रूषा केंद्रात येऊन पडले. डॉक्टर तिन्हीकडे आठवड्यातून दोनदा जायचे. माणगावच्या एक्स-रेवाल्याकडे विचारलं, तर त्यातल्या एकाही म्हाताऱ्याचं नाव त्याच्या वहीत नव्हतं.

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. समुद्राकाठच्या वाड्यांसाठी तेव्हा गिऱ्हाइकं फिरत होती. एकट्या म्हाताऱ्याला गाडीत घालायचं, कुठल्यातरी कचेरीत नेऊन कागदावर अंगठा घ्यायचा आणि संध्याकाळी परत आणून सोडायचं, अशी प्रकरणं मी पूर्वी हाताळली होती. विश्वासातल्या माणसासारखा चोर दुसरा नाही. मी पुरावा जमवत थांबलो.

आणि मग एका संध्याकाळी आश्रमाच्या व्यवस्थापक बाई धावत ठाण्यात आल्या. सकाळी एक्स-रेला नेलेली आजी परत आली नव्हती.

आजी ऐंशीच्या घरातली. गाव पंधरा-सोळा किलोमीटरवर, भातशेती आणि सुपारीची लहानशी वाडी. एकुलता मुलगा न्हावा शेव्याला, त्याचे कंटेनर वाहून नेणारे ट्रेलर. त्याला फोन लावला तर तो माझ्यावरच तापला. डॉक्टरवर अपहरणाचा गुन्हा दाखल करा, त्याचा आमच्या वाडीवर डोळा आहे, असं त्याचं म्हणणं. तुम्ही स्वतः हजर राहून जबाब द्या, असं मी त्याला बजावलं. पहाटे निघतो म्हणाला. गावातल्या घराला कुलूप आहे आणि चावी माझ्याकडे आहे, हेही त्यानेच सांगितलं.

मी मिसिंग, म्हणजे बेपत्ता झाल्याची नोंद, दाखल केली. एका शिपायाला गावात पाठवलं. तो परत येऊन म्हणाला की दाराला कुलूप तसंच आहे, आणि अख्ख्या गावाने "न्हाय बा, दिसली न्हाय" असंच सांगितलं.

डॉक्टर मात्र स्वतःच्या पायांनी ठाण्यात हजर झाले. सत्तरीचा सडपातळ माणूस, पायात रबरी चपला, खिशावर पेन गळून पडलेला निळा डाग. समोरच्या बाकावर बसले आणि आधी पाणी मागितलं.

चौकशीत माझा हातखंडा होता, असं लोक म्हणायचे. मी गोडीने विचारलं, दरडावून विचारलं, कलमं ऐकवली. ते एकच सांगत राहिले, ती सुखरूप आहे, उद्या दुपारी बाराला मी स्वतः आणून सोडतो. मग एक्स-रेची थाप कशाला मारलीत, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेब, या वयात निम्मं दुखणं घराचं असतं. त्यावर माझ्याकडे गोळी नाही."

मला ते बोलणं नाटकी वाटलं. मध्येच त्यांनी विचारलं, मुलाला कळवलंत का? कळवलं म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, तो नक्की येतोय ना? मी मनात म्हटलं, भ्यायला लेकाचा. अटक दाखवली नाही, पण घरीही जाऊ दिलं नाही. ते बाकावर बसून राहिले आणि आमच्या ड्युटीवरच्या पोलिसाच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते त्याला सांगत बसले.

सकाळी हजेरीच्या वेळी आश्रमाची नोंदवही माझ्या टेबलावर उघडी होती. कोण कधी बाहेर गेलं, कशासाठी गेलं, सगळ्या तारखा. आमचे एक जुने हवालदार होते, तिथल्याच मातीतले. बंदोबस्ताचा कागद घ्यायला आले आणि वहीत डोकावून थबकले.

"साहेब, ही तारीख तर माझ्या सासुरवाडीच्या जत्रेची."

त्यांनी म्हाताऱ्यांची नावं वाचली, गावं आठवली आणि एकेका तारखेवर बोट ठेवत गेले. ही अमक्या गावची जत्रा. हा तमक्या गावचा देवीचा गोंधळ. ज्याच्या त्याच्या गावचा सण, त्याच दिवशी त्याचा एक्स-रे. मी आजीचं गाव सांगितलं. हवालदार म्हणाले, "व्हय की. आज तिच्या वाडीत पालखी हाय."

डॉक्टरांना जीपमध्ये घातलं आणि निघालो.

आजी तिच्या घराच्या ओटीवर बसली होती. रात्री भावकीतल्या एका सुनेने तिला आपल्या घरात ठेवून घेतलं होतं. अंगण ताजं सारवलेलं, समोर सुपात तांदूळ, नारळ आणि हळदकुंकू. अंगावर हिरवं नऊवारी लुगडं. पाठीमागे दार, आणि दाराला ते कुलूप.

म्हटलं, आजी, चला. तिने माझ्या टोपीकडे बघितलं.

"दार बंद बगून द्येव तीन वरसं म्होरं गेला. औंदा बी गेला, तर मी कंच्या तोंडानं मरू?"

माझ्या डोक्यातली सगळी कलमं तिथेच बसली. कायद्याने काय करायचं ते मला ठाऊक होतं. बाई सापडली, जबाब घ्यायचा, नातेवाइकांच्या नाहीतर आश्रमाच्या ताब्यात द्यायचं. मग मी जबाबच घ्यायला बसलो. नाव, वय, धंदा, राहणार. माहेर कुठलं, लग्न कधी, भावंडं किती. आयुष्यात इतका सावकाश जबाब मी कधी लिहिला नाही. हवालदार माझ्याकडे बघून मिशीत हसत होते आणि मी त्यांच्याकडे बघणं टाळत होतो.

दहाच्या सुमाराला मुलगा आला. गाडीतून उतरता उतरता त्याने आधी गुन्हा दाखल करा म्हणून आवाज चढवला. तेवढ्यात खालच्या आळीतून खालूबाजा ऐकू आला. पालखी वळणावर दिसली, पुढे गुलाल उधळणारी पोरं, मागे सगळी वाडी. माणसं अंगणाच्या कडेला येऊन थांबली.

आजी उठली. सूप हातात घेतलं. त्याला बोल लावला नाही, रडली नाही.

"बाबू, दार उघड."

त्याने खिशातून चावी काढली. कुलूप गंजलं होतं, दोनदा हात निसटला. दार उघडलं तेव्हा कोंडल्या घराचा वास बाहेर आला आणि भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर दिसलं. पालखी उंबऱ्याशी आली, गुरवाने त्या घराचं नाव घेऊन देवाला गाऱ्हाणं घातलं आणि मुलाने पायातले बूट काढून पालखीला खांदा दिला. आजी हसत होती. तोंडात एकही दात नव्हता, पण असं हसू मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. मी नकळत टोपी काढून हातात घेतली होती.

परतताना जीपमध्ये मी डॉक्टरांना विचारलं, हे मला काल सांगायला काय झालं होतं? ते शांतपणे म्हणाले, "काल सांगितलं असतं तर तुम्ही तिला काल रात्रीच आश्रमात सोडलं असतं. तीन वर्षं त्या मुलाला फोन करतोय. चावी पाठवायलाही त्याला सवड नव्हती. पोलिसांनी बोलावलं की माणूस येतो, म्हणून तिला एक दिवस आधीच नेलं."

म्हणजे यांनी पोलीस ठाण्याचा उपयोग चावी आणायला केला होता! टोपी काढून उभा राहिलेला तो मी, क्षणात माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी चौकशी करतोय असं मला वाटत होतं, आणि हा माणूस बाकावर बसून मलाच पळवत होता. मुलाने तक्रार मागे घेतली होती, गुन्हा काही उरला नव्हता. पण माझा अहंकार उरला होता. ठाण्यात पोचल्यावर मी तिन्ही संस्थांना पत्र काढलं. यापुढे नातेवाइकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही रहिवाशास, वैद्यकीय कारणासह कोणत्याही कारणासाठी, संस्थेबाहेर नेऊ वा जाऊ देऊ नये. तातडीचे उपचार तेवढे वगळले. डॉक्टरांना समज दिली आणि त्यावर त्यांची सही घेतली. सही करताना ते एवढंच म्हणाले, "पत्र चांगलं लिहिलंत."

पुढच्या शिमग्याच्या आधी माझी बदली झाली होती. नवे अधिकारी माझं पत्र बदलायला तयार नव्हते, म्हणून डॉक्टरांनी मला नव्या ठिकाणी फोन केला, पत्रातून आजीपुरती सूट मिळेल का म्हणून. मी म्हटलं, मुलाची परवानगी आणा. मुलगा धंद्यात अडकला होता, आज पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिला. हवालदारांनी नंतर सांगितलं, त्या दिवशी आजी सकाळपासून हिरवं नऊवारी नेसून आश्रमाच्या फाटकाजवळच्या बाकावर बसली होती. पावसाळ्याच्या आधी ती गेली. काही वर्षांनी डॉक्टरही गेले. ऐकलं तेव्हा वाईट वाटलं, पण कागद बरोबर होता म्हणून झोप उडाली नाही.

आता उडते. पत्नी गेली, मुलगी परदेशात, आणि गेली दोन वर्षं मी त्याच आश्रमात राहतो. व्यवस्थापक बाई नवीन आहेत, माझा पूर्वीचा हुद्दा त्यांना माहीत आहे, पण ते जुनं प्रकरण माहीत नाही. माझं गाव माणगावच्या आत, भातशेतीचं. तिथल्या घराला कुलूप आहे. आमच्याकडे पालखी होळीपौर्णिमेनंतर सहाव्या दिवशी येते. पहिल्याच वर्षी मी एक दिवस जाऊन येतो म्हटलं, तर बाईंनी नम्रपणे भिंतीवरची चौकट दाखवली. काका, पोलिसांचं पत्र आहे, आमचाही नाइलाज आहे.

चष्मा लावून वाचलं. जावक क्रमांक, शिक्का, खाली माझी सही. एकही पळवाट ठेवली नव्हती मी.

मुलीकडून परवानगी मागवता येईल. पण जी पोर मला विचारल्याशिवाय माणगावच्या बाजारातही जायची नाही, तिला मी काय लिहू? इतकी वर्षं लोकांकडून जबाब लिहून घेतले, आणि हा दोन ओळींचा अर्ज माझ्याने लिहवत नाही. त्या प्रकरणाने काय शिकवलं विचाराल तर एवढंच सांगेन, की आजीला काय हवंय हे मला समोर बसून जबाब घेतानाच कळलं होतं, आणि तरी मी ते पत्र लिहिलं. चूक कळून केली, ही गोष्ट मला सलते. डॉक्टर असते तर त्यांच्यापुढे छाती धरून खोकलो असतो. त्यांना बरोबर कळलं असतं.

सहाव्या दिवशी मी लवकर आंघोळ करतो, इस्त्रीचा सदरा घालतो, घराची चावी खिशात टाकतो आणि फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसतो. आमच्या अंगणात पालखी साधारण अकराला येते. साडेअकराला इथे जेवणाची घंटा होते, तेव्हा उठतो.