नेमाण्णा आणि न फिरलेलं चाक

नेमाण्णा गाडीतला दोष तोंडाने कधी सांगायचे नाहीत. निपाणीबाहेर हमरस्त्याला त्यांचं जीपचं गॅरेज होतं. गाडी आली की ते तिच्याभोवती एक फेरी मारत आणि मग मालकालाच कामाला लावत. "इथं हात लावा. आता हलवा. काय लागलं?" परीटघडीचे कपडे घातलेल्या पुढाऱ्यालाही त्यांनी गाडीखाली झोपवलेलं मी पाहिलं आहे. कुणी कुरकुरलं तर ओरडत, "सुम्न कुंद्री!" गप बसा, असं कन्नडात. मराठीत सुरू झालेला हा जैन माणूस चिडला की कन्नडात शिरायचा.

एकदा मी विचारलं, "तुम्हाला आधीच कळलेलं असतंय, मग सांगून मोकळं का होत न्हाय?"

"तुमच्यासारख्याला सांगितलं तर तुम्ही त्यातबी घासाघीस करणार, शेट. हाताला कळलं की भाव बंद."

हे मला झोंबलं. घासाघिशीवरच मी उभा आहे. मिरचीची पोती उचलता उचलता मिरचीचा व्यापारी झालो, ते तोंडाच्या जोरावर. पाहुण्यांत कुणाला म्हैस घ्यायची असो की जमीन, मला पुढे घालतात. तापट आहे म्हणून नावं ठेवतात, आणि सौद्याला तोच तापटपणा सोबत नेतात.

नेमाण्णांना घमेंड होती आणि ती ते लपवत नसत. "बेळगावपासनं कागलपर्यंत जीपला हात लावावा तर म्याच," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. पण कुठलाही भाग रॉकेलमध्ये बुडवण्याआधी त्यावरची मुंगी, कोळी मऊ कुंचल्याने झाडून बाजूला सोडत, मग गिऱ्हाईक कितीही ताटकळो. मी म्हणायचो, "मुंगीला जपता आणि माणसाला फाडून खाता." त्यावर म्हणत, "मुंगी खोटं बोलत न्हाय."

माझा साडू परशराम खानापूरकडचा. कणकुंबीच्या वरच्या वस्त्यांवरून दूध गोळा करतो. पावसाळ्यात तिथल्या चढाला चारही चाकं ओढणारी जीप लागते. बेळगावात टिळकवाडीतल्या एका वकिलाच्या बंगल्यात उभी असलेली जीप मी सकाळभर वाद घालून त्याला घेऊन दिली होती. घरी येऊन सगळ्या पाहुण्यांना तो सौदा मीठमसाला लावून सांगितलाही होता. आणि पहिल्याच चिखलात पुढची चाकं ढिम्म राहिली.

"माझंच काय तरी चुकत असंल, अण्णा," परशराम मला म्हणाला. तो तसाच आहे.

"चुकतच असणार. चल नेमाण्णाकडं, तुझ्या डोळ्यांदेखत दाखवतो."

पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध हब असतो. त्यावरची चकती हाताने फिरवून लॉक केली की चाक आतल्या दांड्याला जोडलं जातं. नेमाण्णांनी पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, दोन्ही हब लॉक केले, चारही चाकांचा गिअर टाकला. एका चाकाशी परशरामला बसवलं, दुसऱ्याशी मला.

"साडू, तुम्ही फिरवा. शेट, तुम्ही नुसता हात ठेवा. हब चांगलं असतील तर तुमच्या हातातलं चाक उलटं फिरणार. न्हाय फिरलं तर एक तरी मेलेला हाय."

परशरामने चाक फिरवलं. माझ्या तळहाताखालचं रबर दगडासारखं गप्प होतं.

"काय झालं?"

"फिरलं," मी म्हणालो.

नेमाण्णा समोरच उभे होते. त्यांना दिसत नव्हतं असं नाही. "बरं," ते म्हणाले. "आता जागा बदला."

आता फिरवणारा मी. सगळा जोर लावून फिरवलं. पलीकडे परशराम हात ठेवून बसला होता. त्याने आधी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फिरलं की, अण्णा."

माझ्यासाठी तो खोटं बोलला. ज्याला ती गाडी घेऊन त्या चढाला जायचं होतं, तोच.

नेमाण्णांनी जीपची किल्ली खिशात टाकली आणि बाकड्यावर जाऊन बसले. शेजारी त्यांचा संध्याकाळचा डबा होता. ते रात्रीचं जेवत नसत, सूर्य बुडाल्यावर पाणीही घेत नसत. गॅरेजात सगळ्यांना ते ठाऊक होतं. डब्याच्या वेळेला कुणी त्यांना हाक मारत नसे.

"जेवून घ्या की," मी म्हणालो.

"बघू. चढावर ह्यो एकटा असणार, शेट. तिथं मी न्हाय, तुम्ही न्हाय." एवढंच बोलले. डब्याला हात लावला नाही.

ऊन उसाच्या शेंड्यांवर गेलं, मग तिथूनही गेलं. परशराम खाली बघत होता. एक शब्द बोलायचा होता मला. बाजारात दिवसभर बोलतो मी. "जेवा की वो, हट्ट कशाला?" असं पुन्हा डाफरलोसुद्धा, पण तो शब्द आला नाही. उजेड पुरता गेला तेव्हा नेमाण्णांनी न उघडलेला डबा पिशवीत घातला.

मग मी म्हणालो, "न्हाय फिरलं."

ते लगेच उठले. दिवा लावला, कुंचला घेतला, हब झाडला आणि उघडला. आतली जोडणारी कडीच नव्हती. कुणीतरी कधीतरी काढून टाकून वर झाकण बसवलेलं. बाहेरची चकती तेवढी ऐटीत फिरत होती. त्यांनी ते परशरामला दाखवलं. मला नाही.

"आधी जेवला असता तर काय बिघडलं असतं?" मी चिडून विचारलं.

"जेवलो असतो तर तुम्ही बोलला नसता."

त्याचा राग अजून आहे मला. मी बोललो असतो. परशरामला वाटेत सांगितलं असतं, घरी गेल्यावर सांगितलं असतं. हे त्यांना ठणकावून सांगायला मी कितीदा तरी गॅरेजापर्यंत गेलो, आणि गाडी न थांबवता पुढे गेलो.

गेल्या पावसाळ्यात नेमाण्णा वारले. मी आणि परशराम त्यांच्या घरी भेटायला गेलो. परशरामची ओळख पटल्यावर त्यांच्या बायकोने, आक्कांनी, विचारलं, "तुमचीच न्हवं का ती दुधाची जीप? त्या दिवशी ह्यांनी डबा तसाच परत आणलता. कधी आणायचे न्हाईत. इचारलं तर सांगितलंबी न्हाय. काय झालतं वो?"

परशराम माझ्याकडे न बघता म्हणाला, "काम लई होतं, आक्का. उशीर झाला."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.