बरक्यात घडलेली हॅथोर

रमणदादा पेणचे. गणपतीच्या कारखान्यात ते आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. हे काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जपून करतात. पण हंगाम संपला की हात रिकामे. मुलगी झाल्यावर ते ओमानला आले आणि बरक्यातल्या जिप्समच्या वर्कशॉपमध्ये लागले. तिथे व्हिलांच्या छतांसाठी वेली आणि फुलं करण्यात त्यांची बारा वर्षं गेली. चेहरा कुणी मागितलाच नाही. मी त्याच वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होतो.

२०१६ साली अल खौदच्या एका हॉटेलमालकाला दर्शनी भाग इजिप्तमधल्या डेंडेराच्या देवळासारखा हवा होता. ड्रॉइंग माझ्याकडे आलं. मूळ देऊळ दोन हजार वर्षांपूर्वीचं, हॅथोर देवीचं. समोरच्या मंडपात उंच खांब, आणि आत जावं तसं छत खाली येत जातं, उजेड कमी होतो, गाभाऱ्यात नुसता अंधार. भिंतींवर राजाच्या नावासाठी कोरलेल्या कित्येक चौकटी कोऱ्याच राहिल्यात. राजे इतक्या भराभर बदलत होते की नाव कुणाचं घालायचं हेच कळेना, असं म्हणतात. आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर, चारही बाजूंना, देवीचा चेहरा.

"बाईला गायीचे कान?" साचे भरणारा इक्बाल हसला. तो मुरुडचा.

"सोंड चालते, मग कान का नाही?" दादा म्हणाले.

अर्बाबने, म्हणजे आमच्या वर्कशॉपच्या मालकाने, त्यांना शब्द दिला होता. "रमण, ये काम पास हुआ तो तू फोरमन." फोरमनच्या पगारावर फॅमिली व्हिसा निघतो. शीलावहिनी आणि मनाली पेणला होत्या. मनालीला बाप माहीत होता तो मोबाइलच्या पडद्यावरचा. दोघींना इकडे आणायचं, दादांना एवढंच हवं होतं.

मातीचा पहिला चेहरा दादांनी स्वतः घडवला, त्यावरून साचा काढला. सगळे चेहरे ओतून झाले, रंगले, तेव्हा दादा डोळे रंगवायला बसले. इक्बालला म्हणाले, "आता बडबड बंद." एकेक डोळा भरत गेला तशी आमच्या शेडमध्ये कुणीतरी बघतंय असं वाटायला लागलं.

हॉटेलमालक बघायला आला तो नुकताच इजिप्तला जाऊन आलेला. त्याने अर्बाबला फोनमधले फोटो दाखवले. खऱ्या देवळात बहुतेक चेहऱ्यांची नाकं, गाल, डोळे छिन्नीने उडवलेले होते. माझं ड्रॉइंग अखंड चेहऱ्यांचं होतं.

"ओरिजिनल में टूटा हुआ है," अर्बाब म्हणाला. "ये गुडिया जैसा लगता है. तोड दो. कान रखो, फोटो में कान है. यल्ला."

दादांनी मला विचारलं, "तिथे कुणी तोडलं?"

"पुढे धर्म बदलला. नव्या लोकांना ती देवी नको होती."

"म्हणजे त्यांना ती देवी वाटत तरी होती," दादा म्हणाले.

इक्बालने हातोडी उचलली. "मी करतो. तुम्ही चहा घेऊन या."

"तू मारलीस की मान तुटेल. आण इकडे. फोरमन व्हायचंय मला."

त्यांनी एकेक चेहरा स्वतः फोडला. फोन समोर ठेवून, फोटोप्रमाणे. शेवटी केलेले डोळे पहिले गेले. हॉटेलमालक दुसऱ्या दिवशी येऊन खूश होऊन गेला. अर्बाबने दादांच्या पाठीवर थाप मारली आणि शब्द पाळला.

पुढच्या वर्षी वहिनी आणि मनाली ओमानला, माबेल्यातल्या भाड्याच्या घरात आल्या. पहिल्याच शुक्रवारी दादा त्यांना हॉटेल दाखवायला घेऊन गेले, मलाही बोलावलं. आम्ही बाहेरच्या टेबलाशी बसलो, मनाली शेजारच्या खांबांखाली मान वर करून उभी राहिली.

"बाबा, यातलं तुम्ही काय केलंत?"

"ते तुटलेलं दिसतंय ना, ते."

"तोडलंत?"

"हो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मेनूकार्ड उघडलं.

"कान पण माझेच आहेत," दादा म्हणाले. "ते ठेवायला सांगितले होते."