शिडीने उतरायला शिकवणारी बाई

पोहण्याच्या तलावावर, कपडे बदलायच्या खोल्यांना लागून, एक चिंचोळी खोली होती. तिथे एक बाई बसत. खेळाडूंची भीती ऐकून घ्यायची, ती ओळखायला शिकवायची आणि ती सोबत असतानाही अंगाकडून काम कसे करून घ्यावे हे दाखवायचे, हा त्यांचा व्यवसाय. देवाने कोणाला कंठ दिला, कोणाला हात दिले. या माउलीला कान दिले. पण जगाचा कानांवर भरवसा नसतो. बाई आधी लांब श्वास सोडायला शिकवत, म्हणून तलावावरच्या मंडळींनी त्यांचे नाव फुंकरबाई पाडले होते.

एक शिंपी या बाईंवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवी. त्याची लेक उंच मनोऱ्यावरून सूर मारणारी. आदल्या वर्षी स्पर्धेत ती पाठीवर आपटली आणि तेव्हापासून मनोऱ्यावरच्या कट्ट्याच्या टोकाशी गेली की तिचे पाय थिजत. यंदाच्या स्पर्धेत तिचा सूर झालाच नाही, तर संघातले तिचे नाव जाणार होते. प्रशिक्षकांनी तिला बाईंकडे धाडले. बापाला ते पहिल्या दिवसापासून रुचले नाही.

संशयाला खत लागत नाही, पाणी लागत नाही. त्याला एक बंद दार पुरते. शिंपी बाहेर उभा राही. आतून कधी शांतता ऐकू येई, कधी हसणे.

"एवढं काय बोलता गं आत?" तो लेकीला विचारी.

"काही नाही, बाबा."

"काही नाही, तर हसता कशाला?"

"काही नाही म्हणूनच."

बापाचे समाधान होईना. जो माणूस गिऱ्हाइकाच्या शिवणीतला एक चुकार टाका लांबून हेरतो, त्याला लेकीच्या चेहऱ्यावरची नवी घडी दिसणार नाही काय? त्यातच पहारेकऱ्याने सहज सांगितले, "पलीकडच्या संघातली ती उंच पोरगी आहे ना, ती बाईंच्या सख्ख्या बहिणीची. ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

ठाऊक नव्हते. त्या दिवशी शिंप्याची कात्री आखलेली रेघ सोडून चालली.

आणि मग त्याने ते डोळ्यांनी पाहिले. त्या तलावावर एक दंडक होता: मनोऱ्यावर चढलेला पाण्यातूनच खाली येतो. शिडीने कोणी उतरले, तर काठावरची पोरे कठड्यावर ताल धरत आणि ते बिचारे मान खाली घालून कपड्यांच्या खोलीत शिरे. शिंप्याची लेक चढली, टोकाशी उभी राहिली, लांब श्वास सोडला, वळली आणि शिडीने उतरली. ताल धरला गेला. खाली उभ्या बाई म्हणाल्या, "छान. पुन्हा." ती पुन्हा चढली, पुन्हा उतरली. आणि हसत होती.

शिंपी थेट प्रशिक्षकांकडे गेला. "सर, ही बाई माझ्या मुलीला पळायला शिकवते आहे. तिकडे भाचीसाठी वाट झाडून ठेवते आहे. आपण काय टाळ्या वाजवायच्या?"

प्रशिक्षकांच्याही मनात तोच किडा वळवळत होता. त्यांनी बाईंना सांगितले, स्पर्धेच्या दिवशी आत येऊ नका. बाईंनी वाद घातला नाही. वाद घातला नाही, हेही शिंप्याला खटकले. निर्दोष माणूस एवढा गप्प कसा?

स्पर्धेचा दिवस आला. लेक मनोऱ्यावर चढली. टोकाशी गेली. हात वर घेतले आणि थांबली. हात खाली आले. ती एक पाऊल मागे सरली.

"झालं," शिंपी पुटपुटला. "हे त्या बाईचंच शिकवणं."

पंचांनी गुण कापल्याची खूण केली. पुन्हा सुरुवात करायची मुभा एकदाच होती. साऱ्या तलावाचे डोळे शिडीकडे लागले. लेकीने शिडीकडे पाहिले, शांतपणे पाहिले, जसे आपण आपल्या घराच्या दाराकडे पाहतो. श्वास सोडला. पुढे आली. आणि पाण्याने तिला असे आत घेतले की, फेससुद्धा उठला नाही.

शिंपी बाहेर आला. फाटकापाशी बाकावर बाई बसल्या होत्या.

"तुमची भाची पहिली आली," तो म्हणाला. हा टोमणा होता.

बाईंनी डोळे मिटून घेतले. बघायला मिळाले नव्हते. "आणि आपली?"

"तिसरी."

"ते नाही विचारलं. थांबली का?"

"थांबली. मागे आली. गुण गेले. मग सूर मारला."

बाईंचा चेहरा उजळला. "गुण जाऊ देत. मागच्या वर्षी पाय चुकीचा पडलाय हे तिला वरच कळलं होतं. तरी ती का थांबली नाही?"

शिंप्याला उत्तर माहीत होते. मागच्या वर्षी, लेक आपटण्याआधी, दुसऱ्याची पोर शिडीने उतरली तेव्हा कठड्यावर ताल धरणाऱ्यांत तो स्वतः होता. शेजारी त्याची लेक उभी राहून ते ऐकत होती.

त्याने चपलेने एक खडा सरकवला. "भाचीलाही हेच शिकवता?"

"भाचीला मी शिकवत नाही. मावशीपाशी कोण खरं बोलतं? तिला दुसऱ्या बाईंकडे पाठवलंय."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"भाची कुणाकडे जाते, हे सांगणारी मी कोण? आज तिचं तुम्हाला सांगितलं, तिला विचारूनच. उद्या कुणी तुमच्या लेकीचं विचारलं, तर मी तोंड उघडावं का?"

तरी शिंप्याच्या मनातला सल पुरता निघाला नाही. प्रेमाचीच ही रीत आहे: ज्याच्यावर जीव जडतो, त्याच्या बाबतीत माणूस देवावरही डोळा ठेवतो.

"पुढच्या वेळेपासून दार उघडं ठेवा," तो म्हणाला.

"नाही ठेवणार."

"मग मी बाहेर बसेन."

"बसा. फक्त दाराला कान लावू नका, तिला आतून तुमची सावली दिसते."