सड्यावरचा राकेस

आमच्या गावात माणसं एकमेकांवर हात टाकत नसत, कारण मारायला दगड होता. गावाच्या वरच्या अंगाला, सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावरच्या कातळात, पुरुषभर लांबीचा एक आडवा माणूस कोरलेला आहे. कोणी कोरला, देव जाणे. आम्ही त्याला राकेस म्हणतो. धुळवडीच्या सकाळी सगळी घरं सड्यावर जमायची. ज्याच्याशी वर्षभर वाकडं, त्याच्या नावाने बोंब ठोकायची, शिव्या घालायच्या आणि काठीने राकेसाला सडकून काढायचं. मग त्याच माणसाच्या हातून गूळखोबरं खायचं, की भांडण मिटलं. मार खाऊन खाऊन राकेसाचं तोंड निम्मं झिजलं होतं.

माझा थोरला भाऊ आणि आमचा चुलतभाऊ यांच्यात बांधावरच्या काजूवरून हाडवैर. दोघेही तापट. मीही काही गरीब गाय नव्हे, आमचं रक्तच तसं. दर शिमग्याला दोघे शेजारी उभे राहून दगडावर काठ्या मोडायचे, म्हणून दोघांची डोकी शाबूत होती.

मी जहाजावर धोबीखात्यात होतो. एकदा कॅरिबियनमधल्या एका बेटावर उतरलो. तिथला डोंगरावरचा किल्ला, खालचं जंगल, सगळं सरकारने राखलेलं. आणि एका खडकावर कोरलेली माणसं, थेट आमच्या राकेसाची भावंडं. भोवती कठडा, पहारेकरी, हात लावायची मनाई. मला आमच्या काठ्या आठवल्या आणि गावाचा भयंकर राग आला.

घरी आल्यावर भावाला फोटो दाखवले.

"ही कोरणारी माणसां आता खंय आसत?" त्याने विचारलं.

"गोऱ्यांनी मारल्यानी तेंका. थोडी उरली."

"मगे दगड जपतत कोणासाठी?"

मी त्याला अडाणी म्हणालो आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लागलो. अखेर सड्यावर संरक्षित जागेचा फलक लागला, राकेसाभोवती साखळी आली, रखवालदार बसला. गावाने मला शिव्या दिल्या. मी दुप्पट दिल्या.

त्या शिमग्याला लोक सवयीने काठ्या घेऊन वर आलेच. बोंबा झाल्या, शिव्या झाल्या, अंगाचा नुसता जाळ झाला, आणि काठी घालायला जागा नाही. चुलतभावाने भावाच्या नावाने बोंब मारून काठी उगारली. रखवालदाराने हात आडवा घातला.

"हंय मारूचा नाय, तर मारू खंय?" चुलतभाऊ म्हणाला, आणि वळून त्याने ती काठी भावाच्या तोंडावर हाणली.

दात फुटल्याचा आवाज मी ऐकला. भाऊ साखळीवरून मागे कोलमडला, तो राकेसाच्या छातीवर. चुलतभाऊ साखळी ओलांडून हाणतच राहिला. मी त्याची मानगूट धरली आणि डोकं कातळावर आपटलं, पुन्हा आपटलं. मला त्याचा जीव घ्यायचा होता, उगाच खोटं कशाला बोलू. लोकांनी ओढून काढलं म्हणून तो वाचला.

जीपमध्ये भावाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. उजव्या डोळ्याच्या जागी नुसता लाल गोळा. तोंडात रक्त भरलेलं, तरी तो बोलला.

"राकेसाक काय लागला नाय मां?"

टोमणा होता की काळजी, मला आजवर कळलेलं नाही.

"नाय," मी म्हणालो.

डोळा वाचला नाही. इस्पितळातून परतलो तो मी बादली आणि खराटा घेऊन थेट सड्यावर गेलो. राकेसाच्या खाचांत भावाचं रक्त वाळून काळं पडलं होतं, ते मला बघवेना. साखळी ओलांडली तसा रखवालदार धावत आला आणि त्याने माझा हात धरला. पाणी ओतायचं नाही, घासायचं नाही, माझी नोकरी जाईल म्हणाला. नियमच तसा होता, आणि तो मीच भांडून आणवला होता. मी भरलेली बादली उचलली आणि खाली उतरलो.