झोझेत कोणाची?

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पेणच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. तिठ्यावर उताऱ्याचा नारळ दिसला तर उचलून आणून त्याच्या वड्या केल्यात, आणि मैत्रिणींनी खाल्ल्यावर मग सांगितलंय. त्यामुळे पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... मीही हसले असते.

गेल्या ऑक्टोबरात सुनेच्या बाळंतपणासाठी मी जर्मनीत, र्युसेल्सहाइमला गेले होते. मुलगा केदार तिथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, सून मिरेय त्याच्याच ऑफिसातली. मिरेय मूळची कॅनडाची. बोलते फ्रेंच, पण फ्रेंच म्हटलेलं खपत नाही — "आई, मी अकेडियन." म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेले जुने फ्रेंच शेतकरी. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी इंग्रजांनी त्यांना जहाजांत कोंबून हाकललं, घरंच्या घरं फुटली. मला ठाऊक होतं ते एवढंच.

त्यांची नाव सांगायची रीत मात्र मला फार आवडली. आपण बापाच्या नावाशी थांबतो, ते मागे मागे जात राहतात. मिरेयचे वडील आंद्रे, ऐंशी उलटलेले, व्हिडिओ कॉलवर एका दमात म्हणून दाखवायचे — मिरेय आंद्रेची, आंद्रे लोरेतचा, लोरेत एलिझची... तिथून पुढे सगळ्या आयाच. आणि झोझेतचं नाव आलं की गप्प व्हायचे.

ही झोझेत म्हणजे चार-पाच वर्षांची पोर. जहाजातून एकटीच उतरली आणि परक्या घरात वाढली. तिच्या वयाची, तिच्याच नावाची मुलगी दोन घरांतून हरवली होती — एक मार्गरीतची, एक कातरीनची. यातली आपली कोणती, हे मिरेय कित्येक वर्षं शोधत होती. आंद्रेंना एकच आस होती, नातवंडाला ही नावांची माळ एकदा पुरी म्हणून दाखवायची. डीएनएतली आईकडून आलेली खूण बापाकडून मिरेयकडे येत नाही, म्हणून चाचणी आंद्रेंचीच हवी होती; तिला मात्र ते तयार नव्हते. "थुंकी देऊन आजी शोधायची?" म्हणायचे. म्हातारा मोठा हट्टी.

तर त्या दिवशी दुपारी मी एकटीच फिरायला बाहेर पडले. घरामागे माइन नदी आहे, तिच्या काठानं मातीचा बांध, वर सायकलींचा रस्ता. ऊन छान होतं. नदीच्या बाजूच्या उतारावर एक लहान मुलगी दिसली. डोक्याला पांढरी टोपी, लाकडी बूट नीट बाजूला काढून ठेवलेले, आणि अनवाणी पायांनी चिखल तुडवत होती. मला वाटलं, किटातल्या नाटकाचा पोशाख असेल. इकडच्या बालवाडीत काय काय चालू असतं.

मी खाली उतरले. बांधात खेकड्याच्या बिळाएवढं भोक होतं. पोर त्यात गवताचं ढेकूळ कोंबत होती, गवत आत आणि मुळं बाहेर, आणि टाचेनं दाबत होती. मी थक्क झाले. आमची खारेपाटातली शेती. खाडीच्या बांधाला भोक पडलं की माझे वडील अगदी असंच बुजवायचे, नेहमी पाण्याच्या बाजूनं. जमिनीच्या बाजूनं बुजवलं तर बांध आतून खचतो. लहानपणी हे काम आम्हा पोरांकडेच असायचं.

माझे पाय शिवशिवले. मीही जाऊन टाच मारली. पोरीनं जरा सरकून मला जागा दिली. गावाकडच्या सवयीनं मी चक्क मराठीत विचारलं, "कोणाची गं तू?" तिनं उत्तर दिलं नाही. नुसती बांधाकडे बघून हसली. तेवढ्यात वरून सायकलची घंटा वाजली, मी वळून बघितलं, आणि परत वळते तो... पोर नाही, बूट नाहीत, भोकही नाही. दोन्हीकडे बांध मोकळा पडलेला.

मला भीती वाटली नाही, हे खरंच सांगते. उलट माहेरी जाऊन आल्यासारखं बरं वाटत होतं.

रात्री जेवताना मी गंमत म्हणून सांगितलं. "कोणा बांधकऱ्याची पोर असणार. हे शिकवल्याशिवाय येत नाही."

मिरेयनं चमचा खाली ठेवला. "आई, बांधाचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुठला बांध?"

मग तिनं फोनवर चित्र दाखवलं. समुद्राच्या दलदलीत घातलेला बांध, त्यात पाणी सोडायला लाकडी झडप. हुबेहूब आमची उघाडी. कातरीनचा नवरा गिरणीवाला होता, ती म्हणाली. मार्गरीतचा नवरा बांध घालायचा.

केदारला काही हे पटेना. "आई, गेनाऊ... नक्की कुठे होतीस तू? कुठेतरी वाचलं असशील." तेव्हा मी हीटरजवळ वाळत ठेवलेले माझे बूट आणले. चिखल वाळून वर पांढरा खार फुटला होता. बोट लावून जिभेवर ठेवलं, खारट.

"आल्झो... म्हणजे, बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात," केदार म्हणाला.

"बर्फ कुठे पडलाय?"

त्यानंही बोट लावून चाखलं. माइन गोड्या पाण्याची, समुद्र तिथून कितीतरी लांब.

मिरेयनं सगळं वडिलांना कळवलं. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वतःहून चाचणीचा डबा मागवला. निकाल आला — मार्गरीतच्या बहिणीच्या वंशातल्या बायकांशी जुळला. कातरीनच्या माहेराशी अजिबात नाही.

चाचणी खरी, ते मला समजतं. त्या पोरीचं आणि बुटावरच्या मिठाचं मात्र अजूनही काही समजत नाही. गणित सुटलं नाही की मला झोप लागत नसे. हे सुटलं नाही, तरी मी शांत झोपते.

नात झाली. आंद्रेंनी पडद्यावरून तिला माळ म्हणून दाखवली. झोझेतपाशी आले, थांबले नाहीत. "झोझेत मार्गरीतची." मिरेय रडली, केदार रडला, मीही रडले.

मग आंद्रेंनी मला पडद्याजवळ बोलावलं आणि हळूच विचारलं. मिरेयनं त्याचं भाषांतर केलं. "ती पोर... रडत होती का?"

"नाही हो," मी म्हटलं, "कामात होती."