पदराला टाचलेली चिठ्ठी

बाईंनी माझ्या आईच्या पदराला चिठ्ठी टाचली, तेव्हा टाचणी तिच्या खांद्यात घुसली. आई हसली. दुधाच्या पावडरचा डबा फुकट मिळत होता ना. टोचलं तरी हसायचं.

दुष्काळाचं साल होतं. शुक्रवार पेठेतला धर्मादाय दवाखाना. बाई तिथल्या समाजसेविका, मोठ्या घरच्या, बोलायला गोड. त्या दिवशी देणगीदार बघायला येणार होते. आपला डबा कुठल्या रोग्याला जातो ते त्यांना कळावं, म्हणून प्रत्येकाच्या पदराला, सदऱ्याला चिठ्ठी. वर नाव. खाली लाल शाईत रोग. आईच्या नावाखाली लिहिलं होतं, क्षय.

मी सातवीत होते. मला वाचता येत होतं. आईला येत नव्हतं.

"काय लिवलंय गं त्यात?" आईनं विचारलं.

"तुझं नाव," मी म्हणाले.

चिठ्ठी काढली तर डबा जाईल, अशी भीती वाटली. आणि खरं सांगते, लाज वाटली. त्या शब्दाची. आईचीसुद्धा.

आईला त्या चिठ्ठीचं कोण कौतुक! जन्मात कुणी तिचं नाव कागदावर लिहून असं मिरवलं नव्हतं. तिनं ती काढलीच नाही. घरी आली, वळलेल्या विड्यांचं सूप उचललं आणि तशीच कारखान्यात विड्या द्यायला निघाली. मी दारात उभी होते. एक हाक मारायची होती फक्त. पण हाक मारली असती तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

तिथल्या बायकांनी मला नंतर सांगितलं, मुनीम चिठ्ठी वाचून मागं सरकला. सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "लोकं विडी ओठाला लावत्यात, बाई. उद्यापासनं तुला वळायला पान न्हाय." तिच्या विड्या त्यानं उकिरड्यावर टाकायला लावल्या. तिच्याच हातानं.

घरी आल्यावर आईनं चिठ्ठी काढून माझ्या पुस्तकात ठेवली. त्यानंतर ती दवाखान्यात इंजेक्शनला गेली नाही. "तितं गेलं की गावभर व्हतंय," एवढंच म्हणायची. दीड वर्षात गेली.

तिचा खोकला मला अजून ऐकू येतो. तो थांबला की ती विचारते, काय लिवलंय गं त्यात?

मॅट्रिक झाल्यावर मी त्याच दवाखान्यात दर रविवारी बिनपगारी काम करायला लागले. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. एका रविवारी पुन्हा देणगीदार येणार होते. बाईंनी माझ्यापुढं टाचण्यांची डबी आणि लाल शाई ठेवली.

"तुझं अक्षर छान आहे. चिठ्ठ्या तूच कर."

समोर दुधनीहून आलेली एक बाई बसली होती, मांडीवर पोर. मी निळ्या शाईनं तिचं नाव लिहिलं आणि लाल शाईचं झाकण लावून टाकलं.

"रोग राहिला," बाई म्हणाल्या.

"तो डॉक्टरांच्या वहीत आहे."

"अगं, ते डबे देतात. त्यांना कळायला नको?"

"नको."

बाईंचा गोड आवाज गेला. "तुझ्या आईला आम्ही दूध दिलं. विसरलीस?"

"विसरले नाही. म्हणूनच."

दुधनीची बाई चिठ्ठीकडं बघत होती. "काय लिवलंय वो?"

"तुमचं नाव. दुसरं काही नाही," मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

बाईंनी मला तिथंच सांगितलं, पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही. बरं. पाऊल टाकणार नाही. पण दर रविवारी दाराबाहेर उभी राहीन. चिठ्ठी लावून जो बाहेर येईल, त्याला ती वाचून सांगेन. सगळी. त्याच्याच कानात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशी. मग टाचणी काढायची की नाही, ते त्यानं ठरवावं. मी आता अर्धं वाचणार नाही.