जानेवारीतला फ्रान्स

मी तव्यावरची भाकरी उलटत होते आणि कंपनीचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. डोक्यावरचं फडकं काढून त्यानं हातात धरलं होतं. ‘भाभी, आप चलिए,’ एवढंच म्हणाला. ऑगस्टातल्या भर दुपारी दोह्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आणि माझे यजमान त्या वेळी रजेवर गेलेल्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर देखरेखीला गेले होते. बंगल्याच्या फाटकाशीच ते कोसळले. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... साहेब तेव्हा फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

यांचा चाळिसावा दिवस परवाच झाला. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, यूसुफभाईंनी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. लोक कौतुकानं म्हणतात, मी मान डोलावते. पण माझा सगळा राग त्याच एका गोष्टीवर आहे. हे दाभोळ खाडीकाठचे. पन्नास सालानंतर दोह्याला आले आणि एका इंग्रज जहाज कंपनीत क्लार्क झाले. मी मागाहून आले. कंपनीत रजेची एक रीतच पडून गेली होती. उन्हाळा साहेबांचा, हिवाळा आपल्या माणसांचा. मे संपला की साहेब लोक बायकामुलांसह निघून जायचे आणि आमचे लोक त्या भट्टीत त्यांची ऑफिसं आणि बंगले सांभाळायचे. आम्ही गावी जायचो ते थंडीत. लग्नानंतर मी माहेरच्या झाडावर पिकलेला आंबा पाहिलेला नाही. यांनी क्वचित कधी चाचरत विषय काढलाच, तर साहेब हसून म्हणायचे, ‘नेक्स्ट इयर, यूसुफ, इन्शाल्ला.’ अरबीतला एवढा एकच शब्द त्या माणसानं शिकून घेतला होता, आणि तो नकार द्यायला वापरायचा.

नोकरीत बरीच वर्षं काढलेल्या माणसाला कंपनीच्या बोटीनं एकदा सपत्नीक फ्रान्सच्या मार्सेय बंदरापर्यंत जाता येई. आमची पाळी आली तीही अर्थातच जानेवारीत. शिवाय रमजान. हे खूश! ‘दिवस लहान गो, रोजे कसे गेले कळायचा पण नाय,’ म्हणाले. प्रवासात रोजा माफ असतो, नंतर भरून काढता येतो, हे मी त्यांना सांगितलं. पण अल्लाहनं दिलेली रजासुद्धा ज्या माणसाला घेववत नव्हती, तो ऐकतो कुठला? मग मीही त्यांच्याबरोबर रोजे धरले. लेकीला सासूबाईंकडे सोडून आम्ही निघालो.

नीसचा किनारा मी साहेबांच्या मॅडमकडच्या फोटोंत पाहिला होता. रंगीत छत्र्या, निळंशार पाणी. आम्हाला दिसलं ते राखाडी पाणी, ओल्या ताडपत्रीखाली रचून ठेवलेल्या खुर्च्या आणि हॉटेलांची बंद दारं. व्हर्सायच्या राजवाड्यात कारंजी कोरडी, बागेतले पुतळे थंडीसाठी गुंडाळून ठेवलेले. आम्ही दोघं उपाशीपोटी, कानटोप्या घालून, त्या गाठोड्यांमधून फिरत होतो. हे प्रत्येक गाठोड्यापुढे थांबून आत काय असेल ते मला सांगायचे. पॅरिसला आयफेल टॉवरचा वरचा मजला बर्फामुळे बंद होता. खाली उभं राहून वर पाहिलं तर अर्ध्यातून पुढे नुसतं धुकं. तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे लागले. सूर्य बुडाला, मगरिब झाली असं समजून आम्ही बाकावर बसून दोह्याहून आणलेल्या खजुरांवर रोजा सोडला. मग जरा पुढे गेलो तर चौकातल्या घड्याळात अजून चारसुद्धा वाजले नव्हते! धुकं दाटलं म्हणून दिवे लवकर लावले होते. मला हसू आवरेना. यांचा चेहरा मात्र उतरला. तोंड पुसलं आणि खरी मगरिब होईपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही.

परतताना बोटीवर मी विचारलंच, ‘काय पाहिलं हो आपण?’

‘असू दे गो. गर्दी नाय, गोंगाट नाय. सगळा आपलाच होता.’

‘बंद होता म्हणून आपला होता,’ मी म्हणाले. त्यावर ते डेकवर माझी शाल नीट करत राहिले. चांगला नवरा होता हो... त्यानंच तर जीव जास्त जळतो.

यंदा मी हट्टाला पेटले. फ्रान्स नको, काही नको, गावीच चला, पण उन्हाळ्यात चला. सारखी धाप लागायला लागली होती त्यांना. जिना चढून आले की दाराला धरून उभे राहायचे. शेवटी एप्रिलात त्यांनी जन्मात पहिल्यांदा उन्हाळ्याची रजा मागितली, आणि ती मिळालीसुद्धा. मी ट्रंक भरली. लेक शाळेत सगळ्यांना सांगून आली. मग आठवड्याभरात धाकट्या साहेबांनाही तेच दिवस हवे झाले, आणि ऑफिसात दोघांपैकी एकानं थांबायला हवं होतं. यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. यांनी आपण होऊन रजा परत दिली.

‘साहेबांची पोरा बोर्डिंगात असतात. त्यांना बाप उन्हाळ्यातच दिसतो,’ हे मला समजावत होते.

‘आणि आपल्या पोरीला कधी दिसतो?’

‘हिवाळ्यात जाऊ ना,’ म्हणाले, आणि ट्रंकेतले कपडे स्वतःच काढून परत कपाटात लावले. त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं नाही.

हॉस्पिटलातून त्यांचे कपडे आले, त्यांच्या खिशात साहेबांच्या बंगल्याच्या किल्ल्या होत्या. त्या न्यायला कुणी आलं नाही. नेणार कोण? सगळे फ्रान्समध्ये. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस इद्दतीत बसलेल्या बाईनं उंबरा ओलांडू नये. बायका बोलतील. बोलोत. गेल्या आठवड्यात एका दुपारी मी बुरखा घेतला आणि एकटीच त्या बंगल्यावर गेले. मनात ठरवून गेले होते, मशीन लावून खोली गार करायची आणि साहेबांच्या पलंगावर चांगली तंगड्या पसरून झोपायचं. आत सोफ्यावर, खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी होत्या. एकीलाही सुरकुती नव्हती. गार हवेच्या मशीनवर बोटभर धूळ साचलेली. एवढे उन्हाळे हा माणूस रोज दुपारी इथे येत होता, भल्यामोठ्या घरात दुसरं कुणी नव्हतं, कुणी पाहणार नव्हतं. मी म्हटलं, घटकाभर तरी कुठे टेकत असतील ना? शोधत शोधत मागे स्वयंपाकघरात गेले. मागच्या दाराशी भांडी घासणाऱ्या गड्याचं ठेंगणं लाकडी स्टूल होतं. त्याच्या शेजारी जमिनीवर यांचा पंखा पडला होता, पुठ्ठा कापून केलेला.